‘पाहिजेत’ लिहिण्यापूर्वी: नोकरीची जाहिरात सर्वांना आपली वाटेल अशी कशी लिहावी

काही वर्षांपूर्वी जळगाव जिल्ह्यातील एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या सूचनाफलकापुढे मी उभी होते. ‘वायरमन मुले पाहिजेत, अनुभवी असल्यास प्राधान्य’ अशी एका कारखान्याची जाहिरात तेथे लावलेली होती आणि ती मीच लिहून दिलेली होती. वायरमनचाच अभ्यासक्रम पूर्ण केलेली एक मुलगी शेजारी येऊन थांबली. तिने फलक वरपासून खालपर्यंत वाचला, वहीत दोन फोन नंबर उतरवून घेतले आणि आमचा नंबर मात्र सोडून दिला. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘मॅडम, त्यांना मुलं पाहिजेत ना.’ तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. फलकावर जे लिहिले होते, तेच तिने मला वाचून दाखवले होते.

त्या कारखान्याच्या मालकांना मुलगी नको होती असे मुळीच नव्हते. मी फोन करून विचारले, तेव्हा ‘काम येत असेल तर कोणीही चालेल’ असे त्यांनी लगेच सांगितले. ‘मुले’ हा शब्द त्यांनी सांगितला नव्हता, मला कोणी सुचवलाही नव्हता; हात वळणावर गेला आणि तो लिहिला गेला. तेव्हापासून जाहिरात लिहिण्याची माझी पद्धत मी पूर्ण बदलली. खान्देशात जे कारखानदार, दुकानदार, शाळाचालक, दवाखान्यांचे व्यवस्थापक आणि त्यांच्याकडील कारकून नोकरीच्या जाहिराती लिहितात, त्यांच्यासाठी ती पद्धत येथे मांडत आहे.

जाहिरात वाचणारा माणूस स्वतःला दोन प्रश्न विचारतो. पहिला, हे काम मला जमेल का. आणि दुसरा, त्या ठिकाणी माझ्यासारख्या माणसाला जागा आहे का. जाहिरात लिहिणाऱ्याचे सगळे लक्ष पहिल्या प्रश्नावर असते आणि माणसे मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नावर परत फिरतात. कॅनडातील जाहिरातींवर आधारलेला डॅनिएल गॉचर, जस्टिन फ्रीसेन आणि ॲरन के यांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसले. पुरुषांचे प्राबल्य असलेल्या व्यवसायांच्या जाहिरातींत स्पर्धा, वर्चस्व, नेतृत्व अशा छटेचे शब्द अधिक होते. तसे शब्द असलेल्या जाहिराती स्त्रियांना कमी आकर्षक वाटल्या आणि त्यामागे ‘मला हे काम येणार नाही’ ही शंका नसून ‘मी तेथे सामावणार नाही’ ही भावना होती. त्याआधी 1973 मध्ये अमेरिकेतील सँड्रा बेम आणि डॅरिल बेम यांनी टेलिफोन कंपनीच्या कामांच्या जाहिराती शाळेच्या शेवटच्या वर्षातील मुलामुलींना वाचायला दिल्या होत्या. तारांवर काम करणाऱ्या माणसाची जाहिरात पुरुषाला उद्देशून लिहिली तेव्हा 5 टक्के मुलींनी त्या कामात रस दाखवला, कोणालाही उद्देशून न लिहिता तीच जाहिरात दिली तेव्हा 25 टक्के मुलींनी, आणि स्त्रीला उद्देशून लिहिली तेव्हा 45 टक्के मुलींनी. काम तेच होते, खांब तेच होते, फक्त शब्द बदलले होते.

हे अभ्यास इंग्रजीतले आहेत, आणि इंग्रजीत क्रियापदाला लिंग नसते. मराठीत विशेषण, धातुसाधित आणि क्रियापद असे सारेच लिंगाप्रमाणे वळते. त्यामुळे आपल्या जाहिरातीत ‘पुरुष’ हा शब्द एकदाही न येता ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरुषाचीच राहू शकते. ‘काम सांभाळणारा, फिरतीची तयारी असलेला, स्वतःचे वाहन असलेला उमेदवार निवडला जाईल’ एवढ्या एका वाक्यात पुरुषाची खूण चार वेळा येते. जर्मन भाषेत व्यवसायांच्या नावांना अशीच पुल्लिंगी व स्त्रीलिंगी रूपे आहेत, आणि तेथील जाहिरातींत पदनामापुढे पुरुष, स्त्री व तिसरे लिंग दर्शवणारी तीन अक्षरे लिहिण्याची रीत आता पक्की झाली आहे. मराठीपुढचा पेच तोच आहे. मात्र तो सोडवण्यासाठी मराठीकडे स्वतःची उत्तम साधने आहेत.

वाक्याची रचना बदलावी

पहिले साधन म्हणजे उमेदवाराला कर्ता न करता त्याच्याकडील गुणाला किंवा कागदाला कर्ता करणे. ‘उमेदवार पदवीधर असावा’ याऐवजी ‘उमेदवाराकडे पदवी असावी’ असे लिहिले की ‘असावी’ हे क्रियापद पदवीच्या मागे जाते आणि उमेदवार मोकळा होतो. ‘टॅली येणारा’ याऐवजी ‘टॅली येणे आवश्यक’, ‘मोटार चालवणारा’ याऐवजी ‘मोटार चालवण्याचा परवाना आवश्यक’. याच धर्तीवर ‘उमेदवाराने दोन वर्षे हिशेबाचे काम केलेले असावे’ हेही चालते, कारण तेथे क्रियापद कामाप्रमाणे वळते.

दुसरे साधन मला सर्वांत जास्त उपयोगी पडते. ‘करणारा’ आणि ‘करणारी’ ही रूपे वेगळी असली, तरी विभक्ती लागून अनेकवचन झाले की ती एक होतात: ‘करणाऱ्यांनी’. ‘वेल्डिंगचे काम करणाऱ्यांनी अर्ज करावा’, ‘शहरात राहणाऱ्यांना प्राधान्य’, ‘रात्रपाळीची तयारी असलेल्यांनी तसे कळवावे’ या वाक्यांत कोणाचेच लिंग उघड होत नाही आणि ती कृत्रिमही वाटत नाहीत. ‘ज्यांना टॅली येते त्यांनी’ ही रचनाही अशीच मोकळी आहे.

तिसरे साधन म्हणजे वाचणाऱ्याशी थेट ‘तुम्ही’ म्हणून बोलणे. ‘तुम्ही साठ्याची नोंद ठेवाल, मालाची प्रत तपासाल आणि महिनाअखेरीस अहवाल द्याल’ हे वाक्य स्त्रीने वाचले तरी तिचे आहे आणि पुरुषाने वाचले तरी त्याचे आहे. येथे एक सावधगिरी मात्र हवी. भूतकाळात अकर्मक क्रियापद आले की लिंग परत डोकावते. ‘तुम्ही यापूर्वी नोकरीला राहिलेले असाल तर’ असे न लिहिता ‘तुम्ही यापूर्वी नोकरी केली असेल तर’ असे लिहावे.

विशेषणे निवडतानाही थोडे लक्ष द्यावे. अनुभवी, कुशल, जाणकार, होतकरू, प्रामाणिक, मेहनती ही विशेषणे लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. शिकलेला, तयारीचा, भरवशाचा ही बदलतात. पहिल्या गटातील शब्दांनी बहुतेक गरज भागते.

‘करणारा/करणारी’, ‘असलेला/असलेली’ अशा तिरप्या रेघा मात्र प्रत्येक ओळीत ओढू नयेत. तसे केले की जाहिरात छापील अर्जासारखी दिसू लागते, वाचणारा अडखळतो आणि दोन ओळींनंतर कागद बाजूला ठेवतो. जोडरूप द्यायचे असेल तर ते शीर्षकात एकदा द्यावे, ‘शिक्षक/शिक्षिका’ असे, आणि पुढचा मजकूर वरील साधनांनी मोकळा लिहावा.

पदनामे

‘मुले पाहिजेत’ या शब्दांबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. व्याकरणाच्या दृष्टीने ‘मुले’ हे ‘मूल’ या नपुंसकलिंगी शब्दाचे अनेकवचन आहे आणि ‘मुलगा’चे अनेकवचन ‘मुलगे’ असे होते. त्यामुळे ‘मुले’ या शब्दात मुलीही येतात असे कोणी म्हणू शकेल. परंतु त्याच जाहिरातीत खाली ‘ऑफिससाठी मुलगी पाहिजे’ असे लिहिलेले असते, आणि मग वरच्या ‘मुले’ या शब्दाचा अर्थ एकच उरतो. शिवाय पस्तिशीतील, दोन लेकरांची आई असलेली अनुभवी स्त्री ‘मुलगी पाहिजे’ हे वाचते तेव्हा वयाच्या बाजूनेही आपल्याला दार बंद आहे, असे तिला वाटते. हा शब्द काढून टाकावा आणि कामाचे नाव लिहावे: मदतनीस, विक्री सहायक, पॅकिंग कामगार, कार्यालयीन सहायक.

‘सेल्समन’ या शब्दाला ‘विक्री प्रतिनिधी’ आणि ‘वॉचमन’ या शब्दाला ‘सुरक्षारक्षक’ हे पर्याय आता सर्वांच्या तोंडी आहेत. ‘वायरमन’ची गोष्ट वेगळी आहे, कारण आयटीआयच्या प्रमाणपत्रावर व्यवसायाचे नावच तसे छापलेले असते. तेथे शब्द बदलला तर पात्र उमेदवारालाच आपली जाहिरात ओळखू येणार नाही. अशा वेळी ‘वायरमन व्यवसायाचे प्रमाणपत्र असलेल्या महिला व पुरुष उमेदवारांनी अर्ज करावा’ असे स्पष्ट लिहावे.

फिटर, वेल्डर, ऑपरेटर, सुपरवायझर या शब्दांवर लिंगाची खूण नाही. तरीही आपल्या भागात ‘वेल्डर पाहिजे’ हे वाचताना डोळ्यांपुढे पुरुषच येतो. व्याकरणाने मोकळा असलेला शब्द सवयीने बांधलेला असतो, आणि ती सवय मोडण्यासाठी ‘महिला व पुरुष’ हे शब्द ठळक लिहावेच लागतात. अशा सवयी मोडतात, हेही आपण पाहिलेले आहे. एसटीत स्त्री वाहक आल्या तेव्हा ‘वाहक’ हा शब्द बदलावा लागला नाही; रोज तिकीट देणाऱ्या ताई दिसू लागल्या आणि शब्दाच्या मागचे चित्र बदलले. आपल्याच जळगावच्या प्रतिभाताई पाटील 2007 मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या, तेव्हा ‘पती’ने संपणारा हा शब्द स्त्रीसाठी कसा वापरायचा याची चर्चा पुष्कळ झाली. अखेर पदनाम तेच राहिले आणि मराठीने ‘राष्ट्रपती आल्या’, ‘राष्ट्रपती म्हणाल्या’ असे म्हणून प्रश्न सोडवला. प्रत्येक पदनामाला नवे स्त्रीलिंगी रूप घडवत बसण्याची गरज नाही, असे मला त्यावरून वाटते. दुसऱ्या बाजूला, आपल्या विद्यापीठाच्या नावात 2018 पासून ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी’ असे अभिमानाने लिहिलेले आहे. जे स्त्रीलिंगी रूप भाषेत रुळलेले आहे, ते टाळण्याचेही कारण नाही.

‘साफसफाईसाठी मावशी पाहिजे’ ही ओळ दवाखान्यांच्या आणि शाळांच्या जाहिरातींत हमखास आढळते. कामाच्या ठिकाणी वयाने मोठ्या स्त्रीला मावशी म्हणणे ही आपली रीत आहे आणि तीत माया आहे, याबद्दल माझे काही म्हणणे नाही. परंतु जाहिरातीत ‘मावशी’ लिहिले की त्या एका शब्दाने लिंग ठरते, वय ठरते आणि या कामाचा मोबदला फारसा नसणार हेही वाचणाऱ्याला कळते. ‘स्वच्छता कर्मचारी’ असे लिहावे. पुरुषांचीही वाट याच रीतीने अडते. ‘परिचारिका पाहिजे’ हे वाचून नर्सिंग शिकलेला मुलगा अर्ज करत नाही आणि ‘बालवाडीसाठी शिक्षिका’ हे वाचून लहान मुलांत रमणारा शिक्षक परत फिरतो.

एक जाहिरात उलगडून

आता एक पूर्ण जाहिरात घेऊ. ती मी नमुन्यासाठी रचली आहे, तरी तिच्यातील प्रत्येक शब्द आपल्या भागातील जाहिरातींत मी वाचलेला आहे.

‘पाहिजेत. डाळ मिलसाठी सुपरवायझर: तडफदार, कणखर, कामगारांवर वचक ठेवणारा, रात्रपाळीस तयार असलेला, स्वतःची मोटारसायकल असलेला. ऑफिससाठी मुलगी: अविवाहित, दिसायला नीटनेटकी, टॅली येणारी. पॅकिंगसाठी बायका. पगार योग्यतेनुसार. भाऊंना समक्ष भेटावे.’

मालकांपुढे बसून यातील एकेक शब्द उचलावा आणि ‘हे कशासाठी हवे आहे’ असे विचारावे. हा टप्पा कंटाळवाणा वाटला तरी टाळू नये, कारण खरी गरज तेथेच कळते. ‘वचक कशासाठी?’ असे मी एका ठिकाणी विचारले, तेव्हा उत्तर आले की पाळी बदलताना हजेरीचा घोळ होतो आणि दोन प्रतींचा माल मिसळतो. त्यांना हजेरी चोख ठेवणारे आणि माल वेगळा राखणारे माणूस हवे होते. ‘वचक’ या शब्दातून मात्र तेथे आरडाओरडा चालतो एवढेच वाचणाऱ्याला कळत होते, आणि तशा जागी नको म्हणणाऱ्यांत स्त्रियांप्रमाणे पुष्कळ चांगले पुरुषही असतात. ‘तडफदार’ आणि ‘कणखर’ हे शब्द वाईट नाहीत, पण त्यांतून कामाविषयी काहीच कळत नाही. चित्र मात्र पुरुषाचे उभे राहते. त्यांच्या जागी ‘प्रेमळ’, ‘सांभाळून घेणारी’ असे शब्द घालणे हाही उपाय नाही, कारण तोही साचाच आहे. प्रत्यक्ष काय करायचे आहे ते क्रियेत सांगावे.

‘स्वतःची मोटारसायकल’ ही अट मिल गावाबाहेर आहे म्हणून घातलेली असते. आपल्याकडे घरातील दुचाकी बहुधा पुरुषाच्या नावावर असते, त्यामुळे या अटीने स्त्रिया गाळल्या जातात आणि गरीब घरातील तरुणही गाळले जातात. कामावर वेळेत पोहोचणे एवढीच गरज असेल तर वेळ लिहावी आणि पोहोचण्याची सोय काय आहे ते लिहावे. ‘अविवाहित’ आणि ‘दिसायला नीटनेटकी’ या अटींचे कारण विचारले की बहुतेक मालक स्वतःच गप्प होतात आणि त्या काढून टाकायला तयार होतात. लग्नानंतर नोकरी सोडून जाईल ही भीती असेल, तर किमान किती काळ काम करावे अशी अपेक्षा आहे ते सर्वांसाठी सारखे लिहावे.

‘पॅकिंगसाठी बायका’ या ओळीतही दोष आहे, कारण जे काम सर्वांत कमी मोबदल्याचे तेच स्त्रियांचे असे ती सांगते. याची दुसरी बाजू म्हणजे वजन उचलण्याचे काम. ‘हाई काम बायास्नं नही शे’ (हे काम बायकांचे नाही) असे मुकादम अहिराणीत सांगतो आणि जाहिरातीत ‘हमालीसाठी मुले’ असे लिहिले जाते. दिवसभर कापूस वेचून संध्याकाळी गाठोडे डोक्यावर घेणाऱ्या, नंदुरबारच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या उघड्या जागेवर, उन्हातान्हात आणि तिखटाच्या ठसक्यात मिरची निवडणाऱ्या स्त्रिया ज्या भागात आहेत, तेथे काय झेपेल हे लिहिणाऱ्याने परस्पर ठरवू नये. वजनाचा आकडा लिहावा आणि निर्णय वाचणाऱ्यावर सोपवावा.

या सर्व चौकशीनंतर तीच जाहिरात अशी होते:

‘डाळ मिलमध्ये पुढील जागा भरावयाच्या आहेत. महिला, पुरुष व तृतीयपंथी व्यक्ती, सर्वांनी अर्ज करावा.

पर्यवेक्षक, 1 जागा. एका पाळीतील 18 कामगारांची हजेरी व कामाची वाटणी, मालाची प्रत तपासणे, यंत्र बंद पडल्यास दुरुस्तीची व्यवस्था. कोणत्याही कारखान्यात पाळी सांभाळण्याचा 2 वर्षांचा अनुभव असावा. महिन्यातून 1 आठवडा रात्रपाळी. त्या आठवड्यात घरापासून ने-आण मिलच्या गाडीने.

कार्यालयीन सहायक, 1 जागा. बिले तयार करणे, टॅलीत नोंदी करणे, व्यापाऱ्यांशी फोनवर बोलणे. टॅली येणे आवश्यक. वेळ सकाळी 10 ते सायंकाळी 6.

पॅकिंग कामगार, 6 जागा. 1 व 5 किलोच्या पिशव्या भरून शिवणे; 30 किलोची गोणी ट्रॉलीवरून हलवणे. काम शिकवले जाईल.

महिलांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह व कपडे बदलण्याची खोली आहे.’

प्रत्येक जागेपुढे वेतनाचा आकडाही लिहावा. ‘योग्यतेनुसार’ या शब्दामागे घासाघीस असते, आणि ज्याला मागून घेण्याची सवय नाही त्याच्या पदरात त्या घासाघिशीतून कमी पडते. नवी जाहिरात जुनीपेक्षा लांब झाली आहे आणि वर्तमानपत्रात तिला पैसे जास्त लागतील, हे खरे आहे. वर्तमानपत्रात पहिल्या दोन ओळी, पदांची नावे आणि वेतन द्यावे, आणि पूर्ण मजकूर व्हॉट्सॲपवर व फलकावर लावावा.

कायदा काय सांगतो

भरतीत लिंगावरून भेद करू नये हे 1976 च्या समान वेतन कायद्यातच होते. आता ती तरतूद वेतन संहिता, 2019 च्या कलम 3 मध्ये आहे आणि ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. दुकाने व आस्थापनांसाठी महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यातील कलम 13 भरती, प्रशिक्षण, बढती व वेतन यांत स्त्रियांशी भेदभाव करण्यास मनाई करते. तृतीयपंथी व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करण्यास 2019 च्या स्वतंत्र कायद्याने मनाई आहे. रात्रपाळीबद्दल ‘कायद्याने बायकांना ठेवता येत नाही’ असे अजूनही सांगितले जाते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 च्या कलम 43 नुसार स्त्रियांना सर्व प्रकारच्या आस्थापनांत सर्व प्रकारची कामे करण्याचा हक्क आहे, आणि सायंकाळी 7 नंतर व सकाळी 6 पूर्वी त्यांच्या संमतीने व सुरक्षेच्या अटी पाळून त्यांना काम देता येते. म्हणून ‘रात्रपाळी, त्यामुळे फक्त पुरुष’ असे लिहिण्यास आधार उरलेला नाही.

लिहिले ते खरे असावे

‘महिलांचे स्वागत’ असे लिहून कारखान्यात स्वतंत्र स्वच्छतागृहच नसेल, तर ती जाहिरात फसवी ठरते, आणि पहिल्याच आठवड्यात नोकरी सोडून गेलेली स्त्री गावात दहा जणींना ते सांगते. त्यामुळे जाहिरात लिहिण्यापूर्वी मी मालकांबरोबर कारखान्यात एक फेरी मारते. स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, पाणी आहे का, गेटपासून मुख्य रस्त्यापर्यंत दिवे आहेत का, हेल्मेट आणि बूट लहान मापांत मिळतात का, हे पाहते. दहा किंवा अधिक लोक कामाला असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे. ती आहे का आणि तिच्या सदस्यांची नावे भिंतीवर लावलेली आहेत का, हेही विचारते. जे आहे ते जाहिरातीत एका ओळीत लिहावे. जे नाही ते लिहू नये, आणि भरतीपूर्वी करून घ्यावे.

जाहिरात कोठे लावावी आणि फोन कोणी घ्यावा

एमआयडीसीच्या नाक्यावरील चहाच्या टपरीवर लावलेली जाहिरात कितीही चांगली लिहिली, तरी ती तेथे बसणारे पुरुषच वाचतील. तीच जाहिरात आयटीआयमध्ये, महाविद्यालयांत, ग्रामपंचायतीच्या फलकावर, आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) व उमेद (ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांच्याशी जोडलेल्या बचत गटांच्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवावी. बचत गटाच्या ताईंनी बैठकीत ती मोठ्याने वाचून दाखवली तर अधिक चांगले. धुळे-नंदुरबारच्या पाड्यांपर्यंत जायचे असेल तर मराठी सोपी ठेवावी, कारण घरी भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलीला ‘इच्छुकांनी मूळ कागदपत्रांसह समक्ष उपस्थित राहावे’ या वाक्यापेक्षा ‘कागदपत्रे घेऊन या’ हे वाक्य जवळचे वाटते.

‘भाऊंना भेटावे’ ही ओळ बदलावी. संपर्कासाठी शक्य असल्यास एक स्त्री व एक पुरुष अशी दोन नावे द्यावीत आणि व्हॉट्सॲपवर संदेश पाठवला तरी चालेल असे लिहावे. अनोळखी पुरुषाला फोन करण्यापेक्षा संदेश पाठवणे अनेकींना सोपे जाते. फोन घेणाऱ्याच्या हाती जाहिरातीचा कागद असावा आणि त्याने अहिराणीत बोलणाऱ्याशी अहिराणीतच बोलावे. ‘मुलगा आहे का घरात कोणी?’, ‘लग्न झाले आहे का?’, ‘घरचे पाठवतील का?’ हे प्रश्न त्याने विचारू नयेत. मुलाखतीतही तोच नियम ठेवावा: जो प्रश्न पुरुष उमेदवाराला विचारला जाणार नाही, तो स्त्री उमेदवाराला विचारू नये. रात्रपाळी जमेल का, हा प्रश्न दोघांनाही विचारावा.

मजकूर पक्का करण्यापूर्वी तो आपल्याकडेच काम करणाऱ्या एखाद्या स्त्रीला वाचायला द्यावा आणि ‘हे वाचून तुझ्या बहिणीला पाठवशील का?’ असे विचारावे. ‘चांगले आहे’ या उत्तरावर थांबू नये. कोणत्या शब्दाशी ती थबकली, ते विचारावे. मी लिहिलेल्या एका जाहिरातीत ‘फिरतीची तयारी हवी’ या शब्दांशी अशाच एक ताई थांबल्या होत्या. फिरती म्हणजे महिन्यातून दोनदा भुसावळला जाऊन संध्याकाळी परत येणे एवढेच आहे, हे कळल्यावर त्या म्हणाल्या, ‘मग तसंच लिहा ना.’ आम्ही तसेच लिहिले.

आलेल्या फोनची एक साधी वही ठेवावी. तारीख, जाहिरात कोठे पाहिली आणि बोलणाऱ्याने विचारलेला पहिला प्रश्न, एवढेच तीत लिहावे. माझ्या जुन्या वहीत स्त्रियांच्या फोनपुढे एकच प्रश्न पुनःपुन्हा लिहिलेला आहे: ‘मुली चालतात का?’ हा प्रश्न येत राहिला तर जाहिरातीत अजून काहीतरी राहिले आहे असे समजून ती परत वाचावी. वायरमनची ती जाहिरात आम्ही महिन्याभरात बदलली आणि त्याच फलकावर पुन्हा लावली. चार दिवसांनी एका मुलीचा फोन आला. सूचनाफलकापुढची तीच होती की दुसरी, हे मला आवाजावरून ओळखता आले नाही. तिने विचारले, ‘संध्याकाळी पाळी सुटल्यावर पाचोऱ्याची एसटी मिळते का?’